काकूंची लिंपोपोची तालीम

‘अळी कोरडी खायची की रश्श्यात?’

हा प्रश्न माझ्या खोलीच्या छतातून आला. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या या घरात मी बेसमेंटमध्ये राहते आणि वरच्या स्वयंपाकघरातली हीटिंगची जाळी आणि माझ्या डोक्यावरची जाळी एकाच पाइपाला जोडलेली आहे. त्यामुळे थंडीत गरम हवेबरोबर काकूंचे फोनही खाली येतात. शनिवारची सकाळ होती. मी सीरियलचा चमचा खाली ठेवला. ‘हो का? आधी भिजवायची? आमच्या मटकीसारखी! मग कांदा-टोमॅटो. बरं बरं. पण गुरुवारी नको हं, गुरुवारी मी अळी खात नाही.’

कुठेही न जाता सगळं जग फिरून आलेली अशी बाई पृथ्वीवर दुसरी नसेल. माझ्या आईच्या मैत्रिणीची ही थोरली जाऊ. मूळच्या नागपूरच्या, पस्तीस वर्षं अमेरिकेत, काका गेल्यापासून चार बेडरूमच्या घरात एकट्या. त्यांना प्रवासाचं वेड आहे असं म्हणणं कमी पडेल. त्यांना प्रवासाच्या तयारीचं वेड आहे, आणि ती तयारी त्या एखाद्या सैन्यासारखी करतात. जपानला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी दोन महिने काड्यांनी पोहे खाल्ले. एकेक शेंगदाणा उचलत. काका तोवर ऑफिसला पोचलेले असायचे. पेरूला जायचं ठरलं तेव्हा विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तोंडावर ओढणी बांधून जिना चढायच्या-उतरायच्या. कुरियरवाल्याने एकदा दारातून ते पाहिलं आणि पार्सल पायरीवरच ठेवून तो गेला. नॉर्वेसाठी त्या जानेवारीत खिडकी उघडी टाकून बसल्या. इथला जानेवारी नॉर्वेपेक्षा कडक असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणि यातल्या एकाही देशाला त्या गेल्या नाहीत. जपानच्या वेळी काकांची बायपास निघाली. पेरूच्या वेळी नातू झाला. नॉर्वेच्या वेळी सुनेची नोकरी बदलली आणि नातवाला सांभाळायला कुणी नव्हतं. ‘मग कॅन्सल केलं,’ असं काकू सांगतात, दूध उतू गेल्याचं सांगावं तितक्या सहजपणे, आणि लगेच पुढचं काहीतरी सांगायला लागतात. मला हे सगळं कसं ठाऊक, तर मी ऐकते. बोलणं मला जमत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा मी चॅटमध्ये टाइप करते. पहिल्या आठवड्यात काकूंनी मला समोर बसवून नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘तू पुण्याची आहेस नं?’ मी मान हलवली. ‘आणि बोलत नाहीस? पुण्याची असून? बाळा, डॉक्टरला दाखव.’

लिंपोपोची सुरुवात इंडियन ग्रोसरीत झाली. मी कार्ट ढकलत होते. काकू पुढे चालत आपल्या आणि परक्यांच्या कार्टमध्ये सारख्याच आपुलकीने डोकावत होत्या. पिठांच्या रांगेत काकूंच्याच वयाची एक उंच आफ्रिकन बाई नाचणीच्या पिठाची सहा पाकिटं एकावर एक रचून ठेवत होती. काकूंचे पाय थांबले.

‘शुगर?’ काकूंनी विचारलं.

मी लोणच्यांकडे बघायला लागले.

‘सॉरी?’ ती बाई म्हणाली.

‘शुगर आहे का तुम्हाला? एवढी नाचणी घेताय म्हणून विचारलं.’

ती बाई एवढ्या मोठ्याने हसली की शेल्फवरची बाजरी हलली असेल. शुगर नाही, ती म्हणाली, हे आमच्या गावचं धान्य आहे. आम्ही त्याला मुफोहो म्हणतो. इथे लेकीच्या जुळ्यांना सांभाळायला आले, तीन महिने सगळी अमेरिकन दुकानं पालथी घातली आणि शेवटी हे भारतीयांकडे सापडलं. तिचं नाव ताकालानी. म्हणजे ‘आनंदात राहा’. दक्षिण आफ्रिकेच्या अगदी उत्तरेला लिंपोपो नावाचा प्रांत आहे, तिथल्या वेंडा लोकांपैकी ती.

काकूंनी माझा दंड धरला. एवढा घट्ट, की संध्याकाळपर्यंत बोटं दिसत होती. ‘तुम्ही नाचणीचं करता काय?’

‘बिअर,’ ताकालानी शांतपणे म्हणाली.

काकू माझ्याकडे वळल्या. ‘बघ! आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या आंबील करत बसलो.’

त्या दिवसापासून आमच्या घरात वेंडा राज्य सुरू झालं. दर शनिवारी ताकालानी जुळ्यांना लेकीच्या ताब्यात देऊन यायची आणि स्वयंपाकघर व्यापायची. काकू तिला ताकालानीताई म्हणायच्या. एवढं लांब नाव घेऊन पुन्हा ताई कशाला लावायची, असं मला वाटायचं. पण ताकालानीला ते फार आवडलं, ती फोनवर स्वतःचं नाव तसंच सांगायला लागली. पहिल्या शनिवारी तिने वुस्वा केला. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, पण तो ती गोळा ठेवत नाही. डावाने पातळ पातळ थर ताटात एकावर एक पसरते आणि गार झाल्यावर ते थर हाताने सुटे करून खायचे. काकूंनी पहिला थर उचलून उजेडात धरला. ‘अगं, ही तर पापुद्र्यांची उकड!’ त्याबरोबर पालेभाजी होती आणि भाजीत कुटलेले शेंगदाणे. ते जिभेला लागल्यावर काकू खुर्चीवरून उठल्या. खरोखर उठून उभ्या राहिल्या. ‘दाण्याचं कूट! इथून पंधरा तास विमानाने गेलं तर तिथेही दाण्याचं कूट!’ मी त्यांना कुणाच्या लग्नातही एवढं आनंदलेलं पाहिलेलं नाही. मीही दोनदा भाजी घेतली. तिसऱ्यांदा घ्यायची होती, पण मागायला धीर झाला नाही. ताकालानीने माझ्याकडे न बघता वाढली.

डेलेलेच्या दिवशी मात्र मतभेद झाला. हा एक बुळबुळीत पाला, तो तिला अरबी दुकानात फ्रोझन मिळाला. त्यात ती चमचाभर सोडा घालते. काकू झाकण काढून बघतच राहिल्या. डाव वर उचलला की तार सुटे, आणखी वर उचलला की आणखी लांब. ‘ताई, आम्ही बायका भेंडीला तार सुटू नये म्हणून जन्म घालवतो,’ काकू इंग्रजीत म्हणाल्या, ‘आणि तुम्ही तार सुटावी म्हणून सोडा घालता?’

‘तार नसेल तर ती भाजी कशाला?’ ताकालानीने विचारलं.

 काकू आठवडाभर याचं उत्तर शोधत होत्या. पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतः सोडा घालून भेंडी केली आणि ती खालून वरपर्यंत ताणून दाखवली, एखाद्या जादूगाराने रुमाल काढावा तशी.

अळ्यांचा दिवस मी टाळणार होते. जाळीतून सगळा बेत ऐकला होता, म्हणून लायब्ररीत जायचं कारण तयार ठेवलं होतं. पण काकूंनी जिन्याच्या तोंडाशीच गाठलं. ‘कुठे चालली? वर ये. मी एकटी घाबरून राहिली.’ काकू घाबरल्या आहेत हे एवढं नवीन होतं की मी मुकाट्याने वर गेले. मशोंझा नावाच्या त्या वाळवलेल्या अळ्या कांद्या-टोमॅटोत परतलेल्या होत्या, करंगळीएवढ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. काकूंनी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले, एक तोंडात टाकली, बराच वेळ चावली. आम्ही दोघी बघत होतो. मग एक डोळा उघडला. ‘सुकटीच्या गावची आहे,’ त्या म्हणाल्या आणि दुसरी घेतली. मी अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी रुमालात ठेवली हे ताकालानीला दिसलं आणि काकूंना दिसलं नाही, आणि आम्ही दोघींनी त्यावर कधीच काही बोलायचं नाही हे डोळ्यांनीच ठरवलं.

मग नमस्काराचं प्रकरण, जे दोघींनी मला नंतर सांगितलं. वेंडा बायका कुणाला भेटल्या की ‘आ’ म्हणतात, हात जोडून, खाली झुकून. थोरांपुढे तर जमिनीवर गुडघे टेकून, जवळजवळ आडवं होऊन. पुरुष ‘न्दा’ म्हणतात. गावात पोचल्यावर हे आलंच पाहिजे, असं काकूंनीच ठरवलं. ताकालानीने दिवाणखान्याच्या गालिच्यावर गुडघे टेकले, तळवे जुळवले, मान झुकवली आणि म्हणाली, ‘आ.’ आता, वयस्क बाई, तीही पाहुणी, आपल्याच घरात आपल्यासमोर खाली बसते म्हटल्यावर कुठलीही मराठी बाई काय करेल? ‘अहो ताई, हे काय! उठा, उठा!’ करत काकू तिला उठवायला वाकल्या. उठेना, म्हणून स्वतःच खाली बसल्या आणि तिच्या पायांना हात लावला. समोरची आपल्याहून खाली गेली हे बघून ताकालानी आणखी खाली गेली. ते बघून काकू आणखी खाली. ‘आ.’ ‘अहो नको नं.’ ‘आ.’ ‘राहू द्या हो.’ शेवटी दोघी गालिच्यावर सपाट, नाकासमोर नाक, आणि काकूंच्या उजव्या गुडघ्याने पुढचं सहकार्य नाकारलं. जाळीतून हाक आली, ‘ए बाळा, वर ये गं. आम्हाला उठव.’ मी वर गेले तर दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसण्याने कुणालाच श्वास घेता येत नव्हता.

हे सगळं खरोखरच्या प्रवासासाठी होतं. ताकालानी डिसेंबरात घरी परतणार होती आणि तिने काकूंना तीन आठवड्यांसाठी गावी बोलावलं होतं. ‘डिसेंबरात आमच्याकडे आंबे असतात,’ ती सहज म्हणाली होती, आणि काकूंच्या बाजूने विषय तिथेच संपला होता. नेपरव्हिलमध्ये फावड्याने बर्फ उपसायचा त्या दिवसांत झाडाखाली बसून आंबा खायचा! तिकीट मी काढून दिलं, कारण वेबसाइट आपल्याला मुद्दाम त्रास देते अशी काकूंची खात्री आहे. दोघी एकाच विमानाने जाणार होत्या. तिच्या गावाच्या बाजूला फुंडुड्झी नावाचं एक पवित्र तळं आहे. त्याला पहिल्यांदा भेटताना सरळ बघायचं नसतं. पाठ करून उभं राहायचं, वाकायचं आणि दोन पायांमधून त्याच्याकडे बघायचं, तो त्याचा नमस्कार. एवढं कळल्यावर काकू थांबणार होत्या थोड्याच! आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे, त्यात कॅनडाहून आलेली उद्धट बदकं राहतात. रोज सकाळी काकू जाकीट, टोपी, हातमोजे घालून त्या तळ्याला पाठ करून वाकायच्या. मी ट्रेनसाठी स्टेशनला जाताना कारमधून बघायचे. एकदा कुत्रा फिरवणारा शेजारी धावत आला. ‘मॅम, आर यू ओके?’

‘येस, येस!’ काकू उलट्या अवस्थेतच म्हणाल्या. ‘जस्ट सेइंग हॅलो!’

तो सुलट होता आणि काकू उलट्या, तरी गोंधळलेला तोच होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा ट्रेनमध्ये एकटीच हसले, मोठ्याने. समोरच्या माणसाने लॅपटॉपवरून मान वर केली.

नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सुटीला काकूंचा मुलगा आला, अ‍ॅशबर्नहून, एकटाच. बायको-मुलगा तिच्या माहेरी गेले होते. मी त्याला दादा म्हणते. दादा वाईट नाही हे आधीच सांगते. तो आल्या आल्या छपराच्या पन्हळीतली पानं काढतो, फर्नेसचा फिल्टर बदलतो, आईच्या गोळ्यांचे डबे भरून ठेवतो. डेटा सेंटरमध्ये कामाला आहे, काही बंद पडू नये हेच त्याचं काम, आणि आईच्या बाबतीतही तो तेच करतो. त्याने लिंपोपोचं आत्तापर्यंत थट्टेवारी नेलं होतं. गुरुवारी दुपारी त्याने दारातली भरलेली बॅग पाहिली.

मी खाली होते. जाळीतून सगळं येत होतं.

‘आई, सीरियसली? गुडघ्याचं ऑपरेशन तू पोस्टपोन करतेयस आणि आफ्रिकेला जातेयस?’

‘गुडघा घेऊनच चालली नं मी, ठेवून थोडीच चालली.’

‘जोक नको यार आई. तिथे काही झालं तर हॉस्पिटल किती लांब आहे, मॅप बघितलास? मी इकडे. मी काय करणार?’ त्याचा आवाज बारीक झाला. ‘बाबांच्या वेळी मी फ्लाइटमध्ये होतो. परत तसं नको मला.’

काकूंनी नळ सोडल्याचा आवाज आला, मग पुन्हा दादाच.

‘पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ. प्रॉमिस. क्रूझ करू.’

‘बरं,’ काकू म्हणाल्या.

मी ते ‘बरं’ ओळखते. थोड्या वेळाने त्या जिना उतरून खाली आल्या, एका वेळी एक पायरी. माझ्या खोलीत त्या क्वचितच येतात. दारातच उभ्या राहिल्या. ‘ते तिकीट कॅन्सल करून टाक बाळा. तुला जमतं ते.’ मी मान हलवली. एवढं बोलून त्या जायला वळल्या, मग पुन्हा वळल्या आणि फार उत्साहाने म्हणाल्या, ‘क्रूझवर म्हणे रोज रात्री वेगवेगळ्या देशाचं जेवण असतं. तयारी केली पाहिजे नं.’ आणि हसल्या. मी लॅपटॉप उघडला. तिकिटाचं पान आलं. ‘कॅन्सल करायचं का?’ असं ते विचारत होतं आणि खाली दोन बटणं होती. वरून काकूंनी बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. मग एकेक वस्तू कपाटात परत ठेवल्याचा. मी लॅपटॉप मिटला. मी काही ठरवलं होतं असं नाही. मी फक्त बटण दाबलं नाही.

शुक्रवारी दुपारी ताकालानी आली तेव्हा मी वर स्वयंपाकघरातच होते. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती दारातूनच बोलत आली, की मावशीशी फोन झाला, काकूंसाठी खोली शेणाने सारवून घेतलीय, आणि गावातल्या बायका विचारताहेत, भारतातली बाई चहात साखर किती घेते. काकू टेबलक्लॉथची घडी हाताने सपाट करत होत्या. घडी कधीच सपाट झाली होती. ‘ताई, बसा नं,’ एवढंच म्हणाल्या.

शेवटी दादाच बोलला. फार सभ्यपणे, इंग्रजीत. यंदा आईला जमणार नाही. तब्येत. पुढच्या वर्षी नक्की. ताकालानीने सगळं ऐकून घेतलं, तिने त्याच्याशी वाद घातला नाही. फक्त काकूंकडे वळून विचारलं, ‘तुला यायचं नाही?’

काकूंनी तोंड उघडलं. जगातल्या कुठल्याही परक्या माणसाला शुगर आहे का विचारणारी ही बाई.  पण त्यांनी आधी दादाकडे बघितलं, मग टेबलाकडे. ‘नेक्स्ट इयर,’ त्या म्हणाल्या. ते पुढचं वर्ष जिन्याजवळच्या कोपऱ्यातल्या शेल्फवर गेली किती वर्षं उभं होतं, जपान, पेरू आणि नॉर्वेच्या गाइडबुकांच्या रूपाने; मी रोज जिना चढताना त्यावरची धूळ पाहिली आहे. ताकालानीने टेबलावरून हात पुढे करून काकूंचा हात धरला आणि तशीच बसून राहिली. कुणी भांडत नव्हतं. सगळे एकमेकांवर माया करत होते आणि त्या मायेखाली काकू दिसेनाशा होत होत्या.

‘तिकीट कॅन्सल झालं ना गं?’ दादाने मला विचारलं.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी भाडेकरू, हे माझं घर नाही, हा माझा प्रवास नाही. त्या गेल्या तर तीन आठवडे जाळीतून नुसती हवा येईल, हेही मनात आलं.  आणि मग मला माझा आवाज ऐकू आला. चॅटमध्ये लिहिते त्यापेक्षा बराच मोठा.

‘नाही केलं. काकू, तुम्ही जा.’